होळीची किंमत

कॉलेजातल्या पोरांची होळी म्हटली की मला 1905 चं पुणं आठवतं. फर्ग्युसनच्या सावरकरांनी विदेशी कपडे पेटवले. शिक्षा काय? 10 रुपये दंड आणि वसतिगृहातून हकालपट्टी!

1942 च्या ‘चले जाव’ आंदोलनात किंमत जिवाची होती. 9 सप्टेंबरला नंदुरबारच्या मिरवणुकीत तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता गोळ्या लागून पडला. वय 15. घरची भाषा गुजराती, त्यामुळे घोषणाही गुजरातीत. सोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदासही गेले. माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे.

बंगळुरूकरांनो, आपल्या मैसूर बँक चौकातही 1942 च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे बरं का. त्या आंदोलनात इथले विद्यार्थीही रस्त्यावर उतरले होते. सिग्नलला थांबलात की मोबाइल खिशात ठेवून जरा तिकडे बघा.