आधी दाम, मग गाणे
चाहत्यांच्या पैशावर निघणारे अल्बम आणि आपल्या कारागिरांसाठी त्यातला हिशोब

मागावर बसणारा विणकर आणि स्टुडिओत गाणारा कलावंत, दोघांची अडचण एकच. माल तयार होण्याआधी खर्च करावा लागतो आणि पैसा येतो माल विकल्यावर. मधले दिवस कोणाच्या पैशावर काढायचे? विणकर शेठकडून सूत आणि पेशगी घेतो. पेशगी मजुरीतून कटत राहते आणि कापड शेठचे राहते. संगीताच्या धंद्यातही तेच चालत आले आहे. रेकॉर्ड कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते, त्याच्या रॉयल्टीतून ती वसूल करते, आणि वसुली पुरी झाली तरी मूळ रेकॉर्डिंगची मालकी बहुतेक वेळा कंपनीकडेच राहते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही कलावंतांनी यातून वेगळी वाट काढली. त्यांनी थेट गिऱ्हाइकाकडेच आगाऊ पैसे मागितले. संगीताच्या जायज-नाजायज असण्याचा मसला उलेमांचा आहे. येथे आपल्याला फक्त तिजारतीची बाजू पाहायची आहे.

सुरुवात कशी झाली?

इंग्लंडमध्ये मरिलियन नावाचा वाद्यवृंद आहे. 1997 साली त्यांच्याकडे अमेरिकेच्या दौऱ्यासाठी पैसा नव्हता. तेथील चाहत्यांनी आपसात इंटरनेटवरून वर्गणी काढली आणि सुमारे 60 हजार डॉलर उभे केले. त्यावरून मंडळींच्या लक्षात आले की, आपले खरे भांडवल कंपनीत नाही, गिऱ्हाइकांच्या यादीत आहे. पुढच्या अल्बमच्या वेळी त्यांनी चाहत्यांना विचारले, ‘रेकॉर्डिंग होण्याआधीच पैसे भराल का?’ 12 हजारांहून अधिक लोकांनी पैसे भरले. 2001 साली तो अल्बम निघाला. वितरणासाठी त्यांनी नंतर मोठ्या कंपनीशी करार केला, पण रेकॉर्डिंगचे हक्क आपल्याकडे ठेवून. हातात पैसा असल्यामुळेच त्यांना सौदा बरोबरीने बसून करता आला.

अमेरिकेत 2003 साली आर्टिस्टशेअर ही संस्था याच कामासाठी सुरू झाली. जॅझ संगीतकार मारिया श्नायडर यांनी तिच्यामार्फत अल्बम काढला. पैसे भरणाऱ्यांना अल्बमसोबत तो कसा तयार होतो आहे, हेही पाहायला मिळाले. दुकानात विक्रीला न ठेवलेल्या त्या अल्बमला 2005 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आपल्या देशात तर याहून जुना दाखला आहे. 1976 साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. दहा लाखांचे भांडवल असे जमले, आणि प्रेक्षकही तेच झाले.

हे कर्ज नव्हे, देणगीही नव्हे

मुसलमान व्यापाऱ्याला हा व्यवहार नवा वाटू नये. हुजूर (स.) मदीन्यात आले तेव्हा तेथील लोक फळांचे पैसे वर्ष-दोन वर्षे आधी देत असत. आपण तो व्यवहार बंद केला नाही. माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, एवढी अट घातली. यालाच सलम म्हणतात. ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला हनफी फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात. आपल्या कोकणी बांधवांसारख्या शाफई मंडळींनी त्याचा तपशील आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा. मुद्दा असा की, यात व्याज नाही आणि तारणही नाही. मात्र माल कोणता, किती आणि केव्हा, हे आधी साफ सांगावे लागते.

पैसा कोठे बुडतो?

पहिला धोका मधल्या माणसाचा. 2009 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली प्लेजम्युझिक ही संस्था चाहत्यांकडून पैसे घेऊन कलावंतांना पोचवीत असे आणि 15 टक्के कमिशन घेत असे. पुढे कलावंतांच्या रकमा थकू लागल्या आणि 2019 साली संस्था बुडाली. चाहत्यांनी पैसे दिलेले होते, कलावंतांनी काहींचा माल पाठवलाही होता, पण पैसा मधेच अडकला. दुसऱ्याची अमानत आणि आपले कमिशन एकाच गल्ल्यात पडले की काय होते, हे कापड बाजारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरा धोका हिशोबाचा. समजा, 300 रुपयांप्रमाणे 1000 जणांनी पैसे भरले. तीन लाख जमले म्हणून कलावंत खूश होतो. पण त्यातून कमिशन, छपाई, पॅकिंग, टपाल आणि कर वजा करायचे असतात. स्टुडिओला उरते त्यात रेकॉर्डिंग बसवावे लागते.

तिसरा धोका मजुरीचा. अमांडा पामर या अमेरिकन गायिकेने 2012 साली किकस्टार्टरवर एक लाख डॉलर मागितले. 24,883 लोकांनी मिळून जवळजवळ 12 लाख डॉलर दिले. पण त्यानंतरच्या दौऱ्यात स्थानिक वादकांनी काही ठिकाणी बिनमोबदला वाजवावे, असे आवाहन निघाले तेव्हा मोठी टीका झाली. शेवटी त्यांना पैसे देण्याचे ठरले. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपल्याला आहेच. लोकांच्या पैशातून काम करणाऱ्याकडून लोक तशीच अपेक्षा ठेवतात.

आपल्यासाठी काय?

येवल्याची पैठणी असो की औरंगाबादचा हिमरू, मोठी चीज विणायला भांडवल आधी लागते. ज्याच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांची नावे-पत्ते आहेत, तो कारागीर शेठच्या पेशगीशिवाय काम सुरू करू शकतो. त्यासाठी पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

1. गिऱ्हाइकांची यादी स्वतःच्या वहीत ठेवावी; ती मधल्या माणसाच्या हाती सोडू नये.
2. नमुना, माप, किंमत आणि तारीख लेखी द्यावी.
3. ठरलेली किमान रक्कम जमली नाही तर पैसे परत करण्याची अट ठेवावी. किकस्टार्टरवर तर तेवढी रक्कम जमल्याशिवाय पैसे कापलेच जात नाहीत.
4. आगाऊ आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा. घरखर्च आणि जुनी देणी त्यातून भागवू नयेत.
5. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपणच कळवावे.

सुरुवात लहान करावी. दहा गिऱ्हाइकांची ऑर्डर वेळेवर पोचली, तर पुढच्या वेळी तेच लोक आणखी दहा नावे आणून देतील, इन्शाअल्लाह.