जुना राउटर हळू चालतोय? आधी पल्स मोजा

रायपूर असो की नागपूर, दारांवर नक्षी कोरणारा जुना सीएनसी राउटर हळू पडला की सल्ला मिळतो, मोटर बदला. थांबा, आधी हिशोब करू.

स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात 200 स्टेप. दहा मायक्रोस्टेप लावल्या की 2000 पल्स. बॉलस्क्रू फेऱ्याला 5 मिलिमीटर सरकत असेल, तर मिलिमीटरला 400 पल्स. पॅरलल पोर्टवरच्या मॅक-3 चं मूळ सेटिंग सेकंदाला 25000 पल्सचं. भागा: सेकंदाला 62.5 मिलिमीटर, मिनिटाला 3750. मोटर कितीही दणकट आणा, या सेटिंगवर गाडी पुढे जाणार नाही. म्हणून कंट्रोलर आधी.

मग मोटर अडते, कारण वेग वाढला की स्टेपरचा जोर घटतो. तेव्हा क्लोज्ड लूप घ्या. साध्या स्टेपरची स्टेप चुकली तर सागवानाची फळी वाया गेल्यावरच कळतं. इथे एन्कोडर चूक पकडतो, ड्रायव्हर अलार्म देतो. ती अलार्मची वायर मात्र कंट्रोलरला जोडाच. नाहीतर एक अक्ष थांबतो, बाकीचे कापत राहतात. दोन मोटरांची गँट्री तर तिरकी होऊन अडकते. टूल न लावता अलार्म एकदा मुद्दाम आणून बघा.

आणि हो, मे महिन्याआधी पॅनेलच्या पंख्यातला भुसा काढा.