निवृत्तांचे ग्रामपुनरागमन आणि ग्रामसभा

पुण्या-मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेली व्यक्ती केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावी परतते, तेव्हा मर्यादित उत्पन्नात निर्वाह करणे हा तिचा प्रमुख हेतू असतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अंतर्गत किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १००० रुपये निश्चित झाले, हे पाहता हा हेतू स्वाभाविकच होय.

तथापि या स्थलांतराला राजकीय बाजूही आहे. महानगरात स्थानिक सत्तेशी संबंध बहुधा नगरसेवकामार्फत येतो. गावात तो ग्रामसभेत समोरासमोर येतो. २०२२ पासून सरपंचाची निवडही पुन्हा थेट मतदारांतून होते. भावकी व शेजार यांमुळे येथे अलिप्त राहणे कठीण असते.

मात्र ग्रामसभेचे सदस्यत्व गावच्या मतदारयादीतील नावावर अवलंबून आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार केवळ घराची मालकी म्हणजे रहिवास नव्हे. कलम १७ नुसार एकापेक्षा अधिक मतदारसंघांत नोंदणी करता येत नाही. परिणामी, शहरातील नाव कायम ठेवणारा निवृत्त गावचे पाणी पितो, परंतु पाणीपुरवठ्याविषयीच्या ठरावावर मत देऊ शकत नाही.

सारांश, स्वस्ताई गावात आणते. गावकरीपण मात्र नमुना ८ भरून नाव स्थलांतरित केल्यावर व ग्रामसभेत बसल्यावरच प्राप्त होते.