वांड पोर आणि मुकं पोर

‘हा मुलगा फार वांड आहे हो, याचं काही खरं नाही.’ पालकसभेला गेलेल्या कितीतरी आयांनी हे वाक्य मान खाली घालून ऐकलेलं असतं. खरं तर या वाक्यात मुलाविषयी माहिती अशी काहीच नाही. तो नेमकं काय करतो, केव्हा करतो, त्याआधी काय घडलेलं असतं, यातलं काही नाही. आहे तो नुसता शिक्का. सहा वर्षांच्या पोरावर तो एकदा बसला, की पुढच्या प्रत्येक वर्गात पोराच्या आधी शिक्का पोचतो.

शिक्का मारणारा माणूस वाईट असतो असं नाही. चाळीस मुलं समोर असताना दुसरं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आपल्याकडे २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमानं मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी केली. फार चांगलं झालं. पण छडी काढून घेतल्यावर त्या हातात काय द्यायचं, ते कायद्याच्या कलमात लिहिता येत नाही. ते शिक्षकांच्या प्रशिक्षणातच द्यावं लागतं.

हाच पेच जमैकापुढं पडला होता. वेस्ट इंडीजमधल्या या छोट्या बेटावर २००५ सालच्या कायद्यानं बालवाड्यांतल्या मारावर बंदी आली, तरी मार थांबला नाही. तिथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या ‘इन्क्रेडिबल इयर्स’ या प्रशिक्षणाचा आधी किंग्स्टनमधल्या २४ बालवाड्यांत प्रयोग केला. त्या अनुभवावरून पुढं स्वतःचं, कमी खर्चाचं प्रशिक्षण तयार केलं. नाव ठेवलं ‘आयरी’. तिथल्या बोलीत आयरी म्हणजे सगळं ठीक, मन निवांत. (सरकारी योजनेला असं नाव सुचणं आपल्याकडे कठीणच!) शिक्षिकांसाठी कार्यशाळा झाल्या, कुणीतरी वर्गात येऊन शेजारी उभं राहून मदत केली, मोबाईलवर आठवणीचे संदेश आले. ७६ बालवाड्यांत तपासून पाहिलं, तेव्हा मारणं-ओरडणं कमी झालेलं दिसलं. वर्षानंतरही फरक टिकून होता.

या प्रशिक्षणांत शिकवतात ते ऐकायला साधं वाटतं. मूल चांगलं वागत असेल तेव्हा ते नावानिशी सांगायचं. नुसतं ‘शाब्बास’ नव्हे, तर ‘तू पेन्सिल शेजारच्याला दिलीस, मला आवडलं’ असं. नियम थोडे ठेवायचे आणि ते धड्यासारखे शिकवायचे. राग, भीती, हेवा यांना शब्द द्यायचे, कारण ज्याला ‘मला राग आलाय’ म्हणता येतं त्याचा हात जरा उशिरा उठतो. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे शिक्का न मारता पाहायचं. समजा, एक पोरगा रोज ढकलाढकली करतो. आठवडाभर वहीत टिपून ठेवलं: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. लक्षात येतं, की हे रोज खिचडीच्या सुट्टीच्या तोंडावर होतं. पोरगा सकाळी उपाशी येतो. मग उपाय छडीत नसतो, लवकरच्या चार घासांत असतो.

पण चमत्काराची अपेक्षा नको. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात ८० शाळांमधल्या चार ते नऊ वर्षांच्या दोन हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. शिक्षकांना सहा पूर्ण दिवसांचं प्रशिक्षण, तेही काही महिन्यांत विभागून दिलं. नऊ महिन्यांनी थोडी सुधारणा दिसली, पुढं ती टिकली नाही. मात्र जी मुलं आधीच अडचणीत होती, त्यांना फायदा जास्त झाला. सहा दिवसांची ही कथा, तर आपल्याकडचा एक दिवस, दोनशे शिक्षक, माईकची खरखर आणि हजेरीपटावर सही, त्यातून काय होणार?

वांड पोर निदान लक्षात तरी येतं. मुक्याचं काय? मी पहिलीत असाच होतो. घरी दखनी, शाळेत मराठी. कित्येक महिने तोंड उघडलं नाही. त्रास देत नव्हतो, म्हणून सगळे खूष. दुसरीच्या बाईंनी एक दिवस ‘घरी काय शिजलं?’ विचारून माझ्याकडून ‘प्याज’ काढून घेतला आणि फळ्यावर ‘कांदा’च्या शेजारी तो लिहिला. त्या दिवसापासून मी बोलू लागलो, ते अजून थांबलेलो नाही! पण अशा बाई भेटणं हा माझ्या नशिबाचा भाग. नशिबावर शाळा चालवता येत नाहीत.

२०२० साली केंद्र सरकारनं शालेय आरोग्याचा कार्यक्रम आणला. त्यात शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी मुलांशी अकरा विषयांवर बोलायचं आहे. भावनिक आणि मानसिक स्वास्थ्य हा त्यातला एक. भर मात्र वरच्या वर्गांवर. पहिली-दुसरीच्या गुरुजींच्या वाट्याला अजून जनगणना आणि निवडणूकच जास्त येते, आणि शिक्षणहक्काचा कायदाच त्याला मुभा देतो. दमलेल्या माणसाकडे दुसऱ्याचा राग समजून घ्यायला राग उरत नाही असं नाही, धीर उरत नाही.

आपल्याकडे केंद्राकेंद्रांत शिक्षण परिषदा भरतातच. त्यातला एक तास फक्त अशा टिपणांच्या वह्यांसाठी ठेवता येईल. एकानं आपल्या वर्गातल्या एका मुलाविषयी सांगावं, बाकीच्यांनी ऐकावं. आणि मधल्या दिवसांत केंद्रप्रमुखांनी वर्गात मागच्या बाकावर तासभर बसावं, कुठलंही रजिस्टर न मागता.