कालव्याच्या पुलापासून डावीकडे

कॅनडात लेकीकडे राहून परतलेल्या शेजारच्या काकूंची बॅग मागे राहिली होती. चार दिवसांनी ती बारामतीत घरपोच आली. आणणारा चालक बॅग उंबऱ्याशी ठेवून निघून गेला नाही. “काकू, कुलूप उघडा, माझ्यासमोर बघून घ्या, मगच सही करा,” म्हणाला. ते मनात राहिलं. पुढे तो इंदापूर तालुक्यात एक बॅग द्यायला निघाला, तेव्हा मी बारामतीतून त्याच्या गाडीत बसलो.

मागच्या सीटवर राखाडी बॅग होती. हँडलला दोन पट्ट्या: एक टोरांटोची, दुसरी ‘रश’ लिहिलेली. मागे राहिलेल्या सामानाला पुढच्या विमानात चढवताना ही पट्टी लावतात. सामान मागे राहतं ते सगळ्यात जास्त वेळा मधल्या विमानतळावर विमान बदलताना. २०२३ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे सुमारे ७ बॅगा उशिरा आल्या, हरवल्या किंवा तुटल्या.

बॅग आली नाही की विमानतळ सोडण्याआधीच विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवायची आणि दहा अक्षरांचा नंबर घ्यायचा. त्या नंबरावर वर्ल्डट्रेसर या संगणक यंत्रणेत शोध सुरू होतो.

“एकवीस दिवस,” चालक म्हणाला. “तेवढ्यात नाही आली तर हरवली धरतात. पण म्हाताऱ्या माणसाला एकवीस दिवस कसले काढायला लावायचे?” हा आकडा १९९९ च्या मॉन्ट्रियल करारातला. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. २१ दिवस उलटले की प्रवासी हरवलेल्या सामानाची भरपाई मागू शकतो.

भवानीनगरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही रखडलो. कागदावर गाव, तालुका, पिनकोड एवढाच पत्ता. फोन नंबर कॅनडातला, कारण तिकीट मुलाने काढलेलं. तिकडे मध्यरात्र उलटलेली, फोन कोण उचलणार? चालकाने दूध संकलन केंद्रापाशी गाडी थांबवली. “पोरगा कॅनडाला असतो, आई परवा आली, ते घर कुठलं?”

“कालव्याच्या पुलापासून डावीकडे, पाण्याच्या टाकीमागं.”

आजी अंगणातच होत्या. “बाळा, आधी पाणी घे.” त्याने पाणी घेतलं, पण बॅग उघडायला लावली. आजींनी चॉकलेटं बाजूला सारली आणि तळातून गोळ्यांचा डबा आणि डॉक्टरांचे कागद काढले. रक्तदाबाच्या गोळ्या! मधल्या दिवसांसाठी गावातल्या मेडिकलमधून आणाव्या लागल्या होत्या.

“बिल ठेवलंय का, आजी? पोराला पाठवा, कंपनीकडं मागता येतं.” हे त्यांना आधी कुणीच सांगितलं नव्हतं. उशिरामुळे झालेल्या खर्चाची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत करता येते, तुटफूट असेल तर ७ दिवसांत. पुन्हा तेच एकवीस दिवस, फक्त या वेळी ते प्रवाशाच्या अंगावर असतात. म्हणून सहीच्या कागदावरची तारीख महत्त्वाची. आजींनी बॅग पुरती तपासली, मगच त्याने सहीसाठी पेन पुढे केलं.

विमानतळावरच्या तक्रारीच्या फॉर्मवर फ्लॅट नंबर बसतो, वस्ती बसत नाही. रस्त्याची खूण आणि गावातल्या माणसाचा मोबाइल लिहायला तिथे जागा हवी. ती होईपर्यंत परदेशातल्या मुलांनी तिकीट काढतानाच गावाकडचा एक नंबर द्यावा, आणि गोळ्या आईच्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात.

या चालकाला पैसे बॅगेमागे मिळतात. घर शोधण्याचे, कुलूप उघडेपर्यंत थांबण्याचे मिळत नाहीत. प्रवाशाचा खरा आधार मात्र तेवढाच आहे. विमान कंपन्यांनी तो वेळ धरूनच दर ठरवायला हवा.