डेबियनची रोजकीर्द

डेबियन या मुक्त कार्यप्रणालीत टर्मिनलवर एका ओळीचा हुकूम देऊन एखादे पॅकेज बसवावयास घ्यावे, पडद्यावरून ओळींमागून ओळी सरकू लागाव्यात, आणि काम ऐन मध्यावर आले असता वीज जावी किंवा स्थापकाने 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढेच शब्द उमटवून प्राण सोडावा, हा प्रसंग या प्रणालीवर वावरणाऱ्यास अपरिचित नाही. आता सारी यंत्रणा नव्याने उभारल्यावाचून गत्यंतर नाही, असा नवख्याचा समज होतो. तो बहुधा चुकीचा ठरतो, कारण स्थापक कधी ना कधी कोसळणारच हे गृहीत धरूनच त्याचे दप्तर आखलेले असते.

इयान मरडॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. 'डीपीकेजी' हा तिचा स्थापक इयान जॅक्सन यांनी सी भाषेत नव्याने लिहिला, आणि १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर 'ॲप्ट' त्याच्यावरचा अंमलदार म्हणून आला. कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे याचा हिशेब करून माल मागविणे हे ॲप्टचे काम, तर तो उलगडून फायली जागच्या जागी मांडणे हे डीपीकेजीचे. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजे असल्यामुळे त्यांच्या याद्या दर वेळी मुळापासून वाचणे परवडत नाही, म्हणून ॲप्ट त्यांचा एक द्विमान गोषवारा तयार करून तो थेट स्मृतीत जोडून घेतो. हा गोषवारा बिघडला, की त्यातील भलताच पत्ता प्रमाण मानून ॲप्ट स्वतःच्या हद्दीबाहेरच्या स्मृतीस हात घालतो आणि कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, त्याला तत्क्षणी संपवितो; हाच तो 'सेगमेंटेशन फॉल्ट'. हे मरण दिसावयास भयंकर असले, तरी परिणामी क्षुल्लक आहे; ती गोषवाऱ्याची फाइल बिनदिक्कत काढून टाकावी, ॲप्ट ती मूळ याद्यांवरून पुन्हा तयार करतो.

डीपीकेजीची गोष्ट निराळी, कारण तो चालू प्रणालीच्या अंगावरच शस्त्रक्रिया करीत असतो. जुन्या पेढीवरचा दिवाणजी जसा व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपून मग सवडीने खतावणीत चढवीत असे, तशीच त्याची शिस्त आहे. प्रत्येक पॅकेजच्या स्थितीची खतावणी म्हणजे 'स्टेटस' ही फाइल, आणि कीर्द म्हणजे तिच्याशेजारची 'अपडेट्स' ही निर्देशिका. फायलींना हात लावण्यापूर्वीच पॅकेज 'अर्धस्थापित' असल्याची नोंद कीर्दीत पडते. नवी फाइल प्रथम वेगळ्या नावाने लिहून मगच जुनीच्या जागी आणली जाते. आणि विन्यासाची स्क्रिप्ट सुरू होण्याआधी 'अर्धविन्यस्त' असा शेरा बसतो. कीर्दीतील नोंदी खतावणीत न चढता राहिलेल्या दिसल्या, म्हणजे काम मध्येच तुटले हे ॲप्ट ओळखतो आणि 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' हा हुकूम चालविल्याखेरीज पुढे पाऊल टाकू देत नाही. अर्धविन्यस्त पॅकेजे त्या हुकमाने मार्गी लागतात. अर्धस्थापित राहिलेले मात्र पुन्हा बसवावे लागते.

अशा वेळी, दोन स्थापकांनी एकदम खतावणीस हात लावू नये म्हणून असलेली कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला घातक वाटतो. कुलूप त्या फाइलीच्या अस्तित्वात नसते, कर्नलने दिलेल्या ताब्यात असते, आणि स्थापक मरताच तो ताबा आपोआप सुटतो. तरीही कुलूप लागलेले दिसत असेल, तर दुसरा कोणीतरी स्थापक हयात आहे. फाइल पुसल्याने दोघांच्या हाती एकच खतावणी जाते, एवढेच.

या शिस्तीलाही २००९ मध्ये एक हादरा बसला. ईएक्सटी४ ही नवी फाइलप्रणाली मजकूर तबकडीवर उतरविण्याचे काम लांबणीवर टाकीत असल्यामुळे, वीज गेल्यावर नाव जागेवर आणि मजकूर मात्र शून्य, अशा फायली लोकांना सापडू लागल्या. ईएक्सटी४ चे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांनी कर्नलमध्ये काही तोडगे घातले, परंतु ज्याला खात्री हवी त्याने 'एफसिंक' करून मजकूर तबकडीवर गेल्याची हमी घ्यावी, हे आपले म्हणणे सोडले नाही. डीपीकेजीनेही पुढे तो मार्ग धरला, आणि स्थापना जाणवण्याइतकी मंदावली. म्हणूनच डॉकर या कंटेनर-साधनाच्या प्रतिमा घडविणारे ही हमी 'फोर्स-अनसेफ-आयओ' या पर्यायाने हेतुपुरस्सर बंद ठेवतात. तिथे काम मध्येच मोडले, तर अर्धवट प्रतिमा टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून घडविता येते.