आपोआप उघडणारी जाळी

संपादकांना स्टेंटवर लेख हवा होता, म्हणून कॅथलॅब गाठली. तिथल्या तंत्रज्ञाने विणलेल्या स्टेंटचा नमुना हातावर ठेवला आणि माझा अर्धा तास त्यातच गेला. दोन्ही टोकं ओढली की नळी बारीक आणि लांब, सोडली की आखूड आणि रुंद. जुन्या इस्त्रीच्या वायरवरचं सुती वेष्टण दोन्हीकडून लोटलं की फुगायचं, तसंच हे. तारा एकमेकींना डकवलेल्या नाहीत, नुसत्या वरखाली ओवलेल्या. टोकं मात्र बोटाला टोचतात.

या घराण्याचा मूळपुरुष वॉलस्टेंट. स्वीडिश अभियंते हान्स वॉलस्टेन यांची ही कल्पना, आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानची मेडिनव्हेंट ही कंपनी. फुग्याने हृदयधमनी उघडायला डॉक्टर ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला सुरुवात केली होती, पण उघडलेली धमनी अनेकदा पुन्हा मिटायची. ती उघडी धरायला मार्च १९८६ मध्ये तुलूझला झाक प्युएल यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसवला, पाठोपाठ लोझानला उलरिख सिगवार्ट यांनी. तो हाच विणलेला.

बसवण्याची रीत ऐकायला सोपी. ताणून बारीक केलेली जाळी आवरणात कोंडलेली असते. मांडीतून कॅथेटर सरकवत ब्लॉकपर्यंत न्यायचा आणि आवरण मागे ओढायचं. फुगा लागत नाही, जाळी स्वतःच भिंतीला जाऊन भिडते. पण रुंद होताना ती आखडते. दुसरं टोक नेमकं कुठे येणार, हे धमनीच्या रुंदीवर ठरतं. “पडद्यावर दिसतं तिथेच बसेल असं धरून चालायचं नाही,” तंत्रज्ञ म्हणाला. ज्या गुणामुळे फुगा वाचला, त्यानेच नेम अवघड केला.

त्याहून मोठं संकट रक्ताच्या गुठळीचं निघालं. युरोपातल्या सहा केंद्रांमधल्या १०५ रुग्णांचा हिशेब सेरुइस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडला. जवळजवळ चौघांमागे एकाचा स्टेंट पूर्ण बंद झाला होता, आणि बहुतेक वेळा पहिल्या १४ दिवसांतच. पुढे गुठळीविरुद्ध दोन गोळ्यांची जोडी आली, स्टेंट नीट दाबून बसवण्याचं तंत्र सुधारलं. पण तोवर हृदयात फुग्यावर बसवायच्या स्टेंटनी जागा पटकावली होती.

विणकाम पायाच्या धमन्यांत गेलं, मेंदूतही. फुगवटा आलेल्या धमनीत पाइपलाइन नावाची ४८ तारांची दाट जाळी बसवतात. अमेरिकेत तिला २०११ मध्ये परवानगी मिळाली. फुगवट्यात जाणारा रक्ताचा ओघ ती कमी करते. मात्र धातू जास्त, म्हणून गुठळीची धास्तीही आहेच. त्यामुळे आधीपासूनच दोन गोळ्या सुरू करतात. अशा रुग्णाला मध्येच दुसरी तातडीची शस्त्रक्रिया लागली, तर गोळ्या थांबवल्या की गुठळी, चालू ठेवल्या की रक्तस्राव, असा पेच डॉक्टरांपुढे उभा राहतो.